मोजून शंभर

पिशवीत मोजून शंभर चिंचोके,
मंडईतून आणलेले, धुऊन गच्चीवर वाळवलेले,
रांगोळीचा पुडा, चार रंगीत खडू
आणि तीन दिवसांच्या प्रशिक्षणातून पदरात पडलेलं एक वाक्य:
शांततेला घाबरू नका,
मनातल्या मनात दहापर्यंत मोजा.

पत्रकात वेळ दुपारी चारची.
चारला दांडेकर पुलाजवळच्या त्या गल्लीत
तीन शेळ्या, तापानं फणफणलेलं एक पोर
आणि पत्ते कुटणारे चौघे.
ते म्हणाले, "वही काढा मॅडम, काय लिहायचं ते आम्ही सांगतो."
बाया सहकारनगरात लोकांची भांडी घासत होत्या.
नळापाशी रुक्साना भेटली, हंडा न उतरवताच म्हणाली,
"रात्री नऊ. जेवणं उरकल्यावर."

म्हणून रात्री नऊ.
समाजमंदिरापुढच्या एकुलत्या एका दिव्याखाली फरशी झाडली
आणि रांगोळी द्रौपदा लोंढेच्या हातात दिली.
सोपं वाटतं ना?
तिची रेघ वाकडी जाते, आपला हात शिवशिवतो.
ओढा उलटा वाहू लागतो,
पर्वती भलत्याच बाजूला, देव्हाऱ्याएवढी,
आणि रेशनचं दुकान अख्ख्या गल्लीहून मोठं.
मी उजवा हात मांडीखाली दाबून बसले
मुंग्या येईपर्यंत.

वीस जणी, प्रत्येकीला पाच.
जिथं दुखतं तिथं ठेवा, म्हटलं.
पहिलीनं ठेवले नळावर. दुसरीनंही नळावर.
नगरसेवकाचा भाचा भिंतीला टेकून उभा होता,
नळ तर मंजूर झालेलाच होता.
ढीग वाढत गेला.
मला तो आवडला, कबूल करते.
अहवालातलं पानसुद्धा दिसू लागलं होतं.

काही राहिलं का? विचारलं.
एक. दोन. तीन.
कुणाचा तरी मोबाइल वाजला, दाबला गेला.
चार. पाच.
"झालं की," भाचा म्हणाला.
सहा.
सातला हौसाबाई उठल्या.
पहाटे चारला पोतं घेऊन निघतात त्या, कचरा वेचायला.
वाकून ढिगातले पाच उचलले.
"तुझेच कशावरून गं?"
"जन्म वेचण्यात गेला. मला कळतंय."
आणि नेऊन ठेवले नकाशाच्या बाहेर,
ओढ्याकडच्या कोऱ्या फरशीवर.

"तिथं काय आहे हौसाबाई?"
"काय नाय. तेच सांगतीय."
"पण तिथं काही काढलेलंच नाही."
"काढणार कसं? दिसतंय कुठं?"

संडासाकडं जाणारी वाट होती ती.
पांढऱ्या रांगोळीत अंधार काढता येत नाही,
माझ्या चार खडूंत काळा नव्हता.
द्रौपदा उठली, इस्त्रीवाल्याच्या टपरीखालून
विझलेला कोळसा घेऊन आली
आणि घासत राहिली, घासत राहिली.

मग सरकू लागले चिंचोके.
कुणाचे पायाच्या अंगठ्यानं, भाच्याकडं न बघता,
कुणाचे ताठ चालत जाऊन.
नववीतली शबाना आईच्या वाट्याचे पाच घेऊन आली,
ठेवले,
आणि तिथंच बसली, कोळशावर, शाळेच्या ड्रेसमध्ये.
तिला कुणी उठ म्हटलं नाही.
मी मोजणं विसरले.

"हे आजच्या विषयात नव्हतं," भाचा म्हणाला.
खरंच होतं त्याचं.

दिवा लागला का, विचाराल.
अर्ज गेला, अठरा सह्या, दोन अंगठे.
सात महिन्यांनी दोन दिवे आले, एक फुटला,
दुसरा कधी असतो, कधी नसतो.
फरशीवरचा कोळसा मात्र धुऊनही पुरता गेला नाही,
त्यावरून आता पोरं लंगडी खेळतात.

त्या रात्री चिंचोके परत मोजले: सत्त्याण्णव.
पोरांनी पळवले असतील,
नाहीतर हौसाबाईंच्या कनवटीला गेले असतील.
विचारलं नाही.
दहापर्यंत मोजलं
आणि स्वारगेटची शेवटची बस पकडली.